शहर सोडून गावी परतताना काम कसं ठरवावं: राजीनाम्यापासून पहिल्या वर्षाच्या हिशेबापर्यंत

मुंबई, पुणे, सुरत, ठाणे सोडून गावाकडे आलेल्या माणसाची कामाची गाडी रुळावरून घसरते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: क्रम उलटा होतो. आधी शेड उभं राहतं, मग शेळ्या येतात, मग चारा कुठून आणायचा हा प्रश्न पडतो, आणि घरखर्चाचा हिशेब सगळ्यात शेवटी मांडला जातो. तोवर पीएफचे पैसे पत्र्यात आणि सिमेंटमध्ये गेलेले असतात.

म्हणून हा लेख क्रमाचा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात परतणाऱ्या, थोडीफार जमीन असलेल्या किंवा नसलेल्या कुटुंबासाठी लिहिला आहे. कुठलाही टप्पा ओलांडून पुढे जाऊ नका. पहिले तीन टप्पे शहरात असतानाच पुरे करायचे आहेत.

टप्पा १: राजीनामा देण्याआधी शहरातली येणी आणि कागद गोळा करा

गावी गेल्यावर शहरातल्या ऑफिसची एक सही मिळवायला दोन दिवस आणि दोन्ही बाजूंचं भाडं जातं. तेव्हा हे आधी उरका.

पीएफ. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायम नंबर, चालू आहे का, मोबाइल नंबर जोडलेला आहे का, आणि आधार, पॅन व बँक पासबुक या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का, हे पाहा. वडिलांच्या नावाची एक वेलांटी चुकली म्हणून अर्ज परत आलेले लोक मला दर महिन्याला भेटतात. दुरुस्तीसाठी मालकाची मान्यता लागू शकते आणि नोकरी सोडलेल्या माणसाच्या कामाला मालकाकडे घाई नसते. आधी दोनतीन ठिकाणी काम केलं असेल तर जुनी खाती चालू खात्यात वळती करून घ्या, म्हणजे सेवेची वर्षं एकत्र मोजली जातील. एकूण सलग सेवा ५ वर्षांपेक्षा कमी असताना रक्कम काढली तर ती करपात्र ठरते आणि मोठ्या रकमेवर कर कापूनच पैसे हातात येतात. पेन्शनची सेवा १० वर्षं झाली असेल तर पेन्शनचा भाग रोखीने मिळत नाही. त्याचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या सेवेची नोंद असलेला दाखला, घ्यायचं आणि ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू करायची. दहापेक्षा कमी वर्षं झाली असतील आणि पुन्हा नोकरी धरण्याची थोडी जरी शक्यता असेल, तरीही सर्टिफिकेटच घेतलेलं बरं. किती रक्कम कधी काढता येते याचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर चालू नियम वाचा.

ग्रॅच्युइटी. एकाच ठिकाणी ५ वर्षं सलग काम झालं असेल तर हा तुमचा हक्क आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं असा हिशेब असतो. मागितल्याशिवाय ती मिळेल असं धरून चालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अनुभवाचा दाखला. गावी याचा काय उपयोग, असं वाटतं. पण तालुक्याच्या एमआयडीसीत, शाळेच्या बसवर, बँकेत कर्ज मागताना हाच कागद बोलतो. बांधकामावर असाल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराकडून घ्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी आणि नूतनीकरण त्यावरच होतं, आणि गावी गवंडीकाम करत राहिलात तर ती नोंदणी पुढेही चालते.

बाकीची येणी: खोलीचं डिपॉझिट, भिशी, मित्राला दिलेले हातउसने. आणि देणीही. मोबाइलचा राहिलेला एखादा हप्ता सिबिलवर, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग ठेवतो, आणि वर्षभराने गावच्या बँकेत मोठं कर्ज अडतं ते त्या चिल्लर रकमेपायी.

> तपासा: कागदांची एक फाइल, तिचे मोबाइलमध्ये फोटो, आणि एका वहीत "येणं किती, देणं किती, हातात निव्वळ किती" हा एकच आकडा. तो आकडा मिळेपर्यंत गावी काय करायचं याची चर्चा थांबवा.

टप्पा २: जमीन कोणाची आणि कसतो कोण, हे घरात बसून बोला

"गावी आपली चार एकर आहे" हे शहरात म्हणायला सोपं असतं. पण सातबारा काढून पाहा. बऱ्याचदा तो अजून आजोबांच्या नावावर असतो, त्यात काका आणि आत्या असतात, आणि तुमच्या वडिलांच्या वाट्याचं क्षेत्र प्रत्यक्षात सव्वा एकर निघतं. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर सातबारा आणि आठ-अ मोबाइलवरही दिसतो. सहीचा उतारा डिजिटल मिळतो.

वारस नोंद झाली नसेल तर पहिलं काम ते. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करायचा. फेरफाराची नोटीस निघते, १५ दिवस हरकतींसाठी असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. बहिणींची नावं गाळू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव लपवून केलेल्या नोंदीचा वाद पुढे कोर्टात जातो, आणि तोवर बहिणीचं माहेर तुटलेलं असतं. तिला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येतं. निर्णय मात्र तिचा.

आता अवघड भाग, आणि यावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे. गावी राहिलेल्या भावाने इतकी वर्षं ती जमीन कसली, आईवडिलांचं दुखणंखुपणं काढलं, सोसायटीचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही परतताय ही बातमी त्याच्या कानी पडते तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो आपल्या पोटाचा. "माझा अर्धा वाटा दे" हे वाक्य पहिल्या बैठकीत निघालं की पुढची दहा वर्षं बांधावर जातात. मी पाहिलेली जी कुटुंबं टिकली, त्यांनी बोलणं असं केलं:

पहिल्या हंगामात जमीन भावाकडेच. परतलेला भाऊ सोबत राबतो, आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा ठरलेल्या वाट्यात घेतो. विहीर, मोटर, पाइपलाइन कुणाच्या पैशातून झाली ते लिहून काढतात आणि त्याचा हिशेब जमिनीच्या वाट्यापासून वेगळा ठेवतात. सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज किती आहे, ते कुणी फेडायचं, हेही त्याच कागदावर. पाण्याच्या पाळ्या आणि रस्ता ठरवतात. वाटणी करायची तर दुसऱ्या वर्षी, सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करून. तोंडी वाटणीवर विहीर खणू नका.

या बैठकीत घरातल्या बायका बसल्या पाहिजेत. शहरात धुणीभांडी, शिवणकाम, डबे करून स्वतःची कमाई असलेली बाई गावी येते तेव्हा तिचा रोख पैसा पहिल्या दिवशी बंद होतो आणि काम दुप्पट होतं. ती काय करणार, कोणत्या कामाचे पैसे तिच्या खात्यात येणार, हे तुमच्या कामाइतकंच आधी ठरवायला हवं. गावात उमेद या सरकारी अभियानाचा बचत गट चालू आहे का आणि त्यात तिला कधी घेता येईल, हे जाऊबाईला फोन करूनच विचारा.

> सावधान: निमे वाट्याने किंवा खंडाने दुसऱ्याची जमीन करणार असाल तर मुदत, वाटा, खत-बियाण्याचा खर्च आणि पीक बुडालं तर काय, हे चार मुद्दे दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. ओळखीच्या माणसाबरोबर तर नक्कीच.

टप्पा ३: दर महिन्याला रोख किती लागेल, तो आकडा काढा

गावी खर्च कमी असतो, हे अर्धं खरं. खोलीचं भाडं जातं. पण पेट्रोल, दवाखान्याची तालुक्यापर्यंतची फेरी, लग्नकार्य, वर्गणी, मयतीला जाणं हे सगळं नव्याने अंगावर येतं, कारण आता तुम्ही गावात असता आणि "सुट्टी नाही मिळाली" म्हणून सुटका नसते.

वहीत दोन रकाने करा. एकात दर महिन्याला जाणारे पैसे: किराणा, वीज, गॅस, शाळा, औषधं, हप्ते, प्रवास. दुसऱ्यात वर्षातून एकदा येणारे: बी-बियाणं, घराची डागडुजी, सण, विमा. दुसऱ्या रकान्याला १२ ने भागा आणि पहिल्यात मिळवा. तो तुमचा आकडा.

आता त्या आकड्यासमोर शेती ठेवून पाहा. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन, एकरी ६ क्विंटल धरू. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पूर्ण हमीभाव मिळाला असं मानलं, जे बाजारात नेहमी होत नाही, तरी १२ क्विंटलचे ६३,९३६ रुपये. निम्मा खर्च वजा केला तर साधारण ३२,००० उरतात. १२ महिन्यांत वाटले तर महिन्याला २,६६० च्या आसपास. आणि तेही एकदम येतात, दिवाळीच्या सुमाराला.

मी शेतीला नको म्हणत नाही. पण हा आकडा पाहूनच पुढचा निर्णय घ्यायचा. कोरडवाहू शेती धान्य देते, वर्षाला एक रक्कम देते. महिन्याचा खर्च तिच्यावर टाकता येत नाही. त्याला दुसरं काही लागतं.

> तपासा: कमाई शून्य धरून तुमची निव्वळ शिल्लक किती महिने पुरेल? उत्तर सहापेक्षा कमी असेल तर आत्ता राजीनामा देऊ नका. एक जण आधी परता, दुसरा शहरात राहून पगार चालू ठेवू दे.

टप्पा ४: गाव उन्हाळ्यात पाहा

परतायचं ठरवणारा माणूस गाव पाहतो ते गणपतीत किंवा दिवाळीत. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, माळ हिरवा असतो, लोकांच्या हातात पैसा असतो आणि सगळे मोकळेपणाने बोलतात. त्या गावावर विसंबून निर्णय घेऊ नका. रजा टाका आणि चैत्र-वैशाखात निदान पंधरा दिवस राहा. मराठवाड्यात किंवा विदर्भात असाल तर हे टाळूच नका.

त्या पंधरा दिवसांत काय बघायचं? विहिरीला पाणी किती तास चालतं. शेतीपंपाला वीज दिवसा येते की रात्री. हिरवा चारा कोण विकतो आणि काय भावाने. वेल्डर, वायरमन, गवंडी, प्लंबर कुठून बोलावतात आणि किती दिवसांनी येतो. आठवडी बाजारात कुठल्या वस्तू तालुक्याहून येतात. दूध कोण घेतं, पैसे दहा दिवसांनी मिळतात की पंधरा. बंद पडलेले धंदे कुठले आणि ते बंद का पडले, हे त्याच माणसाच्या घरी जाऊन विचारा. रिकामं शेड असलेला शेजारी तुम्हाला जे सांगेल ते यूट्यूबवरच्या कुठल्याही यशोगाथेत मिळणार नाही.

मुलं शाळेत असतील तर परतीचा महिना मे धरा. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत निघतो आणि जूनमध्ये नवीन वर्गात बसता येतं. मध्येच नोव्हेंबरात उचलून आणलेलं मूल वर्षभर मागे पडतं. रेशनकार्ड शहरात असेल तर वन नेशन वन रेशन कार्डमुळे धान्य गावीही आधारच्या ठशावर मिळतं, पण कार्ड गावी वर्ग करून घ्या. दवाखान्याच्या योजनेपासून दाखल्यांपर्यंत तोच पत्ता विचारला जातो.

टप्पा ५: काम निवडण्याचा क्रम

इथे बहुतेक लेख वीस धंद्यांची यादी देतात. मी क्रम देतो. वरून सुरुवात करा. वरचं खरोखर जमत नसेल तरच खालचं पाहा.

*५.१ हातात असलेलं कौशल्य*

शहरात दहा वर्षं वायरिंग केलेला माणूस गावी येऊन कुक्कुटपालन शिकायला बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमचं खरं भांडवल ती दहा वर्षं आहेत.

पण शहरातलं काम जसंच्या तसं गावी चालत नाही, त्याला तीन बदल करावे लागतात. पहिला, एकाच प्रकारच्या कामावर गावात महिना भरत नाही. वायरमनने घरवायरिंगसोबत मोटर, स्टार्टर आणि सोलर पंपाची देखभाल धरायची. प्लंबरने ठिबक, पीव्हीसी पाइपलाइन आणि टाक्या. शिवणकामवाल्या बाईने ब्लाउजसोबत शाळेचे गणवेश. दुसरा, काम हंगामाने येतं. घरबांधणी आणि वायरिंग दिवाळीनंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत जोरात, मोटरची कामं रब्बीत, गणवेश जूनमध्ये, ब्लाउज लग्नसराईत. जून-जुलैत बांधकामाचा माणूस मोकळा असतो, तेव्हाच स्वतःच्या शेताची पेरणी करायची. कोकणात मे महिना आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने दुरुस्तीच्या कामांचे. मुंबईकरांच्या बंद घरांची वर्षभर देखभाल हेही तिथे पगारासारखं काम होऊ शकतं. तिसरा, एका गावावर पोट भरत नाही. दुचाकीवर अर्ध्या तासात पोचता येईल अशी दहाबारा गावं धरा.

उधारीचा नियम पहिल्या दिवशी सांगा: सामानाचे पैसे आधी, मजुरी काम संपल्यावर. भावकीलाही तोच. सहा महिन्यांनी हा नियम लावायला गेलात तर नाराजी येते. पहिल्या दिवशी लावलात तर तो तुमचा रिवाज ठरतो.

*५.२ तालुक्याला नोकरी, मुक्काम गावी*

वॉचमन, डिलिव्हरी, पॅकिंग, ऑफिस बॉय अशा कामातून परतणाऱ्यांसाठी हा रस्ता सगळ्यात सुरक्षित, आणि सगळ्यात कमी विचारात घेतला जातो. एमआयडीसी, साखर कारखाना, जिनिंग, दूध संकलन, दवाखाना, शाळेची बस, बाजार समितीतले अडते. पगार शहराच्या निम्मा असेल तरी टप्पा ३ चा आकडा समोर ठेवून पाहा. खोलीभाडं गेल्यावर तो पुरतो का? येण्याजाण्याचं पेट्रोल मात्र आधी वजा करा. पीएफ कापणारी जागा मिळाली तर दोनशे-चारशे रुपये कमी असले तरी ती घ्या, तुमची आधीची सेवा पुढे जोडली जाते.

*५.३ रोजगार हमी: हाताशी असू द्या*

गावी आल्यावर पहिल्या महिन्यात जॉबकार्ड काढा, लगेच कामाला जायचं नसलं तरी. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने कुटुंबाचे मिळून वर्षाला १०० दिवस भरले तर ३१,२०० होतात, म्हणजे वरच्या दोन एकर सोयाबीनच्या निव्वळ रकमेएवढेच. गोठा, विहीर, फळबाग यांसाठी रोजगार हमीतून मदत मागायला गेलात तरी पहिला कागद जॉबकार्डच विचारतात. चूक होते ती एकच: लोक काम तोंडी मागतात. कामाची मागणी लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवसांत काम मिळण्याचा हक्क आणि बेरोजगार भत्ता दोन्ही सिद्ध करता येत नाहीत.

*५.४ शेती*

पाणी असेल तर महिन्याला पैसे देणारी शेती शक्य आहे: भाजीपाला, फुलं, चारा. पाणी मेपर्यंत टिकतं का, हे टप्पा ४ मध्ये तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल. पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांवर करा. सगळ्या रानात एकच नवीन पीक लावू नका.

कागद तीन: शेतकरी ओळख क्रमांक, जो एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना लागतो, दर हंगामात ई-पीक पाहणी, कारण सातबाऱ्यावर पीक नसेल तर विमा आणि हमीभाव खरेदी दोन्हीकडे अडचण होते, आणि महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर नोंद. ठिबक, अवजारं, शेडनेट यांचं अनुदान हवं असेल तर पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका. आधी घेतलेल्या बिलावर अनुदान मिळत नाही. ही चूक इतकी सर्रास होते की दुकानदाराने "घेऊन जा, नंतर बसवू" म्हटलं तर दुकान बदला.

पीएम-किसानबद्दल एक खुलासा: मागच्या वर्षी तुम्ही आयकर भरला असेल तर त्या वर्षी कुटुंब बसत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन वारसाने आलेली असेल तर चालते, विकत घेतलेली चालत नाही.

*५.५ जनावरं*

शेळीपालन हे परतलेल्या माणसाचं लाडकं स्वप्न आहे. धंदा वाईट नाही. पण त्याचं कॅलेंडर कुणी मांडत नाही, ते मांडू.

आज दहा शेळ्या आणल्या. त्या रुळायला, माजावर यायला एक-दोन महिने. गाभणकाळ पाच महिने. करडू विकण्याजोगं व्हायला निदान सहा ते आठ महिने. म्हणजे पहिला रोख पैसा साधारण बारा ते पंधरा महिन्यांनी. तोवर चारा, औषध, लसी आणि तुमचं घर कशावर चालणार? गाभण शेळ्या आणल्या तर हे अंतर थोडं कमी होतं, पण प्रवासात गर्भ गळण्याचा धोका असतो. दूरच्या बाजारातून एकदम वीस आणण्यापेक्षा आसपासच्या गावांतून चार-पाच घ्या, उस्मानाबादी किंवा संगमनेरी, ज्या त्या हवेला सरावलेल्या असतील. नव्या शेळ्या जुन्यांत लगेच मिसळू नका, दोनतीन आठवडे वेगळ्या बांधा. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस पावसाआधी. शेडवर पैसा शेवटी घाला. पहिल्या वर्षी कोरडी जमीन, वरून छप्पर आणि लांडगा-कुत्र्यापासून आडोसा एवढं पुरे.

गाईचं उलट: पैसा दुसऱ्याच पंधरवड्यात सुरू होतो, पण सुट्टी कधीच मिळत नाही. दुधाच्या खर्चात सर्वांत मोठा भाग चाऱ्याचा आणि खुराकाचा असतो. एका मोठ्या संकरित गाईला दिवसाला २० किलोच्या आसपास हिरवा आणि ५-६ किलो सुका चारा लागतो. दोन गाईंसाठी पाण्याखालचं निदान दहा गुंठे रान गवताला देता येत नसेल तर विकतच्या चाऱ्यावर धंदा उभा करू नका. गाय घेताना सलग तीन धारा स्वतःसमोर काढून घ्या: संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. एकच धार दाखवणारा माणूस आदल्या वेळेचं दूध कासेत ठेवतो. दोन्ही गाई एकाच महिन्यात व्यालेल्या घेऊ नका, नाहीतर दोन्ही एकदम आटतील आणि दोन महिने डेअरीचं बिल शून्य येईल.

करार पद्धतीच्या ब्रॉयलरबद्दल थोडक्यात: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मजुरी तुमची. एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा लागते, म्हणजे ५,००० पक्ष्यांना ५,००० चौरस फुटांचं शेड, आणि ते कर्जातच उभं राहतं. करारात मर आणि खाद्याच्या प्रमाणावर काय कापतात, दोन बॅचमध्ये किती दिवसांचा खंड, आणि कंपनीने पिल्लं दिलीच नाहीत तर काय, हे वाचल्याशिवाय पाया खणू नका.

*५.६ दुकान*

किराणा, झेरॉक्स, चहा. गावात आधीच तीन असतील तर चौथं काढू नका. तालुक्याहून आणावं लागतं असं काही तुमच्या टप्पा ४ च्या वहीत निघालं असेल तरच.

> सावधान: वरच्या सहांपैकी एका वेळी दोनच धरा. एक रोख देणारं, एक हळूहळू वाढणारं. प्लंबिंग आणि पाच शेळ्या. तालुक्याची नोकरी आणि घरच्यांची दहा गुंठे भाजी. तीन कामं पहिल्या वर्षी कुणालाही झेपलेली मी पाहिली नाहीत.

टप्पा ६: भांडवल, याच क्रमाने

१. शिकण्यावर. जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेने चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मोबाइल आणि दुचाकी दुरुस्ती, शिवणकाम असे वर्ग असतात. राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. कृषी विज्ञान केंद्रातही जा. आधी हे, मग कर्ज. प्रमाणपत्र बँकेत कामाला येतं.

२. हत्यारांवर, स्वतःच्या पैशातून. पण शिल्लक रकमेचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात लावू नका. तो वेगळ्या खात्यात ठेवा, शक्यतो बायकोच्या नावाने.

३. छोटं कर्ज. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळतं. शेतीसाठी सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज. ३ लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर व्याज नाममात्र किंवा शून्यावर येतं. मुदत एक दिवसही चुकवू नका, सवलत त्या तारखेवरच टिकते.

४. मोठं कर्ज आणि अनुदान, काम वर्षभर चालल्यावर. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक अशा गटांना ३५ टक्के अनुदान असतं. स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. एक अडचण आधीच समजून घ्या: हे अनुदान नव्या उद्योगालाच आहे. म्हणून छोट्या प्रमाणावर केलेलं काम आणि जो प्रकल्प मांडणार तो, यांची आखणी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी ग्रामोद्योग मंडळात विचारून करा. दुसरं, अनुदान रोख हातात मिळत नाही. ते ३ वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून राहतं आणि उद्योग चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळतं होतं. मधल्या काळात धंदा बंद पडला तर पूर्ण कर्ज तुमचं.

> सावधान: "प्रकरण पास करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणाऱ्याला कागद देऊ नका, ओटीपी तर नाहीच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) आणि पीएमईजीपीचा अर्ज दोन्ही मोफत आहेत.

टप्पा ७: पहिल्या वर्षाचे तीन थांबे

तिसऱ्या महिन्यात: रोख देणारं काम सुरू झालं का? टप्पा ३ च्या आकड्याच्या निम्मे तरी येतात का? येत नसतील तर गावं वाढवा किंवा ५.२ वर जा. नवीन धंदा सुरू करू नका.

सहाव्या महिन्यात: उधारी किती अडकली आहे ते लिहून काढा. महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असेल तर वसुलीचा आठवडा ठेवा, नवीन उधार बंद. राखून ठेवलेल्या पैशांतून किती गेले, तेही पाहा.

बाराव्या महिन्यात: घरखर्च भागला, हप्ते गेले, आणि राखीव रकमेतले निम्मे पैसे शिल्लक आहेत, अशी स्थिती असेल तर हळू वाढणाऱ्या कामात भर घाला, पाचाच्या दहा शेळ्या करा, दहा गुंठ्यांचे वीस. भागत नसेल तर घरातल्या एकाने पुन्हा चारसहा महिने शहरात काम धरावं. लोक काय म्हणतील म्हणून हे टाळून सावकाराकडे गेलेली दोन घरं माझ्या परिचयाची आहेत, आणि दोघांचीही जमीन त्यात गेली. त्यासाठी शहरातल्या मुकादमाशी, सुपरवायझरशी, खोलीतल्या मित्रांशी पहिलं वर्षभर फोनवर बोलणं चालू ठेवा आणि निघताना कुणाशी भांडून निघू नका. भाऊ, बायको, आईवडील या सगळ्यांना हा बाराव्या महिन्याचा थांबा टप्पा २ च्या बैठकीतच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा कुणी पडलं असं कुणाला वाटणार नाही.